घराच्या वर कोण?

नाताळ झाला की त्याच्या पुढच्या रविवारी कॅथलिक देवळांत पवित्र कुटुंबाचा सण असतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही वर्षभरात कुटुंबावर एखादे प्रवचन ठरलेलेच. त्याचा सूर सगळ्यांच्या ओळखीचा आहे: घटस्फोट वाढले, आईबाप वृद्धाश्रमात गेले, मुले मोबाइलमध्ये बुडाली; तेव्हा घरात संध्याकाळची प्रार्थना परत आणा, घर सावरेल. जे कुटुंब एकत्र प्रार्थना करते ते एकत्र राहते, हे फादर पॅट्रिक पेटन या आयरिश धर्मगुरूंच्या जपमाळ मोहिमेने जगभर पोहोचवलेले वाक्य मग हमखास येते. समोरून तितकेच ठरलेले उत्तर येते. धर्मानेच बाईला घरात कोंडले, 'मरेपर्यंत' म्हणून शपथ घ्यायला लावली, आणि मार खाऊन टिकलेल्या संसाराला आदर्श म्हटले. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर दोघींचे एकमत असते. विश्वासाचे काम म्हणजे घर तुटू न देणे, हे दोघींनीही गृहीत धरलेले असते. एक त्याबद्दल पाठ थोपटते, दुसरी आरोपपत्र लिहिते. वाद चुकतो तो या गृहीतकापाशी.

ख्रिस्ती विश्वास कुटुंबाला बळ देतो, असे मी मनापासून मानतो. मात्र घराला सर्वांत मोठे मानून ते बळ येत नाही. घराच्या वर कोणीतरी आहे आणि घरातल्या कर्त्या माणसालाही त्याच्यापुढे जाब द्यायचा आहे, हे रोज मान्य करण्यातून ते येते. म्हणून घर किती वर्षे टिकले यावरून विश्वासाची परीक्षा करू नये. त्या घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या वाट्याला काय आले, ते पाहावे.

हे मी पदरचे सांगत नाही. कुटुंबाच्या रविवारी सहसा न वाचले जाणारे उतारे शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, आहेत. जो माझ्यापेक्षा आईबापावर किंवा मुलाबाळांवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, असे येशू मत्तयाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो. आई आणि भाऊ दाराशी येऊन उभे आहेत असा निरोप आल्यावर, माझी आई कोण, माझे भाऊ कोण, असा प्रश्न तो भोवती बसलेल्या लोकांनाच विचारतो. कुटुंबसंस्थेचा कैवार घेणाऱ्या कुणालाही ही वचने अवघड जावीत. पण मार्काच्या सातव्या अध्यायात हाच येशू शास्त्री-परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या ज्यू धर्मपंडितांवर, संतापतो, कारण आईबापांच्या वाट्याचा पैसा देवाला अर्पण केला असे जाहीर करून त्यांना उपाशी ठेवण्याची पळवाट त्यांनी धर्माच्या नावाने काढली होती. आणि क्रूसावर प्राण जात असताना तो आईला शिष्याच्या हवाली करतो. ही दोन्ही टोके एकाच माणसात कशी? घर हे दैवत नाही आणि घर चालवणाराही दैवत नाही. म्हणूनच घरातल्या म्हाताऱ्या आईचा हक्क कुणाच्या मर्जीवर सोडता येत नाही, धर्माच्याही नाही. मला यात विसंगती दिसत नाही, एकच सूत्र दिसते.

कुटुंब 'मजबूत' असणे आपोआप चांगले असते का? इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या गावाच्या उकिरड्यात सापडलेले इसवी सनापूर्वी १ या वर्षीचे एक पत्र आहे. हिलारियन नावाचा मजूर अलेक्झांड्रियाहून गावाकडच्या बायकोला, अलिसला लिहितो. पत्रात माया आहे. काळजी करू नकोस, पगार मिळाला की लगेच पाठवतो, तू मला विसरू नकोस म्हणालीस, मी तुला कसा विसरेन? आणि त्याच ओघात, तितक्याच सहजपणे, एक सूचना आहे: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. हे मोडके घर नव्हते. नवऱ्याचे बायकोवर प्रेम होते, घरी पैसे पाठवण्याची काळजी होती. जन्मलेले मूल वाढवायचे की उकिरड्यावर ठेवायचे, हा बापाचा अधिकार त्या जगात इतका निर्विवाद होता की प्रेमळ माणसालाही त्यात काही खटकले नाही. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी, ज्यू समाजाची शिकवण पुढे चालवत, याला नकार दिला. 'दिदाखे' या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती नियमावलीत जन्मलेल्या मुलाला मारू नये असे स्पष्ट बजावले आहे. मूल बापाचे होण्याआधी देवाचे आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याने बापाचा अधिकार कमी झाला, आणि घरात मुलगी जगू लागली.

ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर २०११ च्या जनगणनेचा एक आकडा पाहावा. बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या घरांतून या मुली नाहीशा झाल्या, त्यांतली बहुतेक घरे 'टिकलेली' होती. सासू-सासरे एकत्र, सणवार जोरात, घटस्फोटाचे नाव नाही. घटस्फोटाचे प्रमाण हेच कुटुंबाच्या आरोग्याचे माप धरले तर ही घरे निरोगी ठरतील. असे माप हातात घेऊन आपण धर्माची बाजू मांडणार आहोत का?

लग्नाच्या संमतीचा इतिहासही असाच आहे. बाराव्या शतकात पोप अलेक्झांडर तिसरे यांनी निर्णयामागून निर्णय देत पक्के केले की विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने. बापाने मुलगी 'दिली' म्हणून नव्हे. पुढे १५६३ मध्ये ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेत फ्रेंच राजाच्या बाजूने मागणी आली की आईबापांच्या परवानगीवाचून झालेले लग्न रद्दबातल ठरवा. खानदानी घराण्यांच्या जमिनी-जुमल्यांचा प्रश्न होता, दबाव मोठा होता. परिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले, पण ही मागणी मानली नाही. आजही कॅथलिक कायद्यात धाकाने लावलेले लग्न मुळात लग्नच नव्हे. प्रत्यक्षात शतकानुशतके ख्रिस्ती आईबापांनी मुलींची लग्ने व्यवहार पाहूनच जुळवली, हे उघड आहे. पण वेदीपुढे त्या मुलीला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागे, आणि तिच्या 'नाही'ला अर्थ होता.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. ते कमकुवत करून मांडण्यात मला रस नाही, कारण त्यातले बरेचसे खरे आहे. स्त्रियांनी पतीच्या अधीन असावे, हे बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातले वचन आपल्या लग्नांत वाचले जाते. त्याच्या आदल्याच ओळीत एकमेकांच्या अधीन राहा असे सर्वांना सांगितले आहे आणि पुढे पतींना पत्नीसाठी जीव देण्याइतकी प्रीती करायला सांगितले आहे. पण मंडळीच्या ओठांवर पहिला अर्धाच राहतो. मार खाऊन आलेल्या बाईला आपला क्रूस वाहा असे सांगून परत पाठवणारे पाळक आणि धर्मगुरू होऊन गेले, अजूनही आहेत. नवऱ्याला बोलावून जाब विचारण्यापेक्षा ते सोपे असते.

कायद्याचा दाखला याहून जड आहे. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद मोडला, आणि संसदेने कायदा दुरुस्त केला तो २००१ मध्ये. त्रावणकोरमध्ये १९१६ च्या वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८६ मध्ये हा अन्याय संपवला, तेव्हा अनेक चर्चनेते त्यांच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी विरोधात उभे राहिले. ही लाज आपली आहे, ती झाकून कुटुंबावर बोलता येत नाही.

पण हे सगळे विश्वासाच्या पदरात टाकण्याआधी १८६९ चा तो दुजाभाव आला कुठून, हे विचारले पाहिजे. तो इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावरून उचललेला होता. त्यामागे व्हिक्टोरियन मालमत्तेची चिंता होती: बायकोने व्यभिचार केला तर वारस कुणाचा? शुभवर्तमानात अशी दोन मापे नाहीत. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू पतीला आणि पत्नीला एकाच वाक्यरचनेत, एकाच नियमाने बांधतो. इंग्लंडने आपला भेद १९२३ मध्ये काढला. आपण त्यानंतर ७८ वर्षे तो बाळगला आणि त्याला ख्रिस्ती कायदा म्हणत राहिलो. ज्या स्त्रिया न्यायालयात गेल्या त्याही ख्रिस्तीच होत्या. धर्माचे नाव मालमत्तेला आणि पुरुषाच्या सोयीला चिकटवले गेले, असे आरोप करणारे म्हणतात. बरोबर आहे. मार्काच्या सातव्या अध्यायातला आरोपही नेमका तोच आहे, आणि तो करणारा येशू आहे.

समाजशास्त्रातूनही दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे आकडे उचलतात. अमेरिकेत सनातनी प्रॉटेस्टंटांची वस्ती दाट असलेल्या भागांत घटस्फोट जास्त आहेत, असे जेनिफर ग्लास आणि फिलिप लेव्हचॅक यांनी २०१४ मध्ये दाखवले. कोवळ्या वयातली लग्ने आणि अर्धवट राहिलेली शिक्षणे हे त्यांनी दिलेले एक मोठे कारण. धर्मवाद्यांनी हे टाळू नये. दुसरीकडे ब्रॅडफर्ड विलकॉक्स यांच्या अभ्यासात त्याच पंथातले, नियमित उपासनेला जाणारे नवरे बायकोवर हात उगारण्यात सर्वांत मागे आढळले. आणि त्याच पंथाचे नाव लावणारे पण देवळाची पायरी क्वचित चढणारे नवरे सर्वांत पुढे. मला या निष्कर्षाचे नवल वाटत नाही. पती हा पत्नीचे मस्तक आहे हे वचन ज्याने ऐकले, पण ते पद शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूकडून आले आहे हे ऐकायला जो पुढच्या रविवारी आलाच नाही, त्याच्या हातात धर्माने काठीच दिली. कोलंबियात काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्रुस्को यांना वेगळे चित्र दिसले. इव्हँजेलिकल, म्हणजे वैयक्तिक परिवर्तनावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, मंडळीत खऱ्या अर्थाने आलेल्या पुरुषांनी दारू, जुगार आणि बाहेरची बाई सोडली, आणि तो पैसा घरात, मुलांच्या पोटात आणि शाळेत गेला. उपदेशाची भाषा तिथेही पुरुषप्रधानच होती, पण पुरुषाच्या चैनीवर आलेला चाप खरा होता.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना सर्वांत टोकदार आक्षेप इतिहासातून येतो: तुमच्या विश्वासाने तर घरे फोडली. एकोणिसाव्या शतकात आमच्या मंडळ्यांत आलेल्या कितीतरी जणांचे आईबाप, बायका, भावंडे कायमची दुरावली. ते दुःख खरे होते आणि दोन्हीकडचे होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पुढची काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. १८६६ च्या कायद्याप्रमाणे, धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला येत नसेल तर धर्मांतरिताला न्यायालयातून मोकळे होता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. एकत्र आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे त्यांना पटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये.

टिळक आदर्श नवरे नव्हते. तापट होते, लहरी होते, घरात उद्याची सोय नसताना हातचे देऊन टाकणारे होते. लक्ष्मीबाईंनी हे सगळे 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहून ठेवले आहे, आणि मराठी वाचक ते पिढ्यान्‌पिढ्या वाचतो आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, अक्षरांशी जेमतेम ओळख असलेल्या मुलीला या संसारात स्वतःचे मत, स्वतःचा विश्वास आणि स्वतःची लेखणी मिळाली. नवऱ्याने श्रद्धा बदलली म्हणून बायकोची आपोआप बदलत नाही, तिच्या आत्म्याचा जाब तिलाच द्यायचा आहे, हे त्या घराने किंमत मोजून मानले. टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. घर फुटले होते हे खरे. पुन्हा बांधले गेले तेव्हा ते आधीपेक्षा मोठे होते: परकी पोरे, विद्यार्थी, निराधार माणसे त्यात कायम असायची. आणि ज्यांना घरच उरले नव्हते त्यांच्यासाठी, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या विधवा आणि मुलींसाठी, पंडिता रमाबाईंनी केडगावला जे उभे केले तेही याच विश्वासाचे कुटुंब होते. रक्ताच्या नात्याला अंतिम मानले असते तर केडगावचे मुक्तिसदन उभे राहण्याचे कारणच नव्हते.

हे फक्त ख्रिस्ती घरांतच घडते असा माझा दावा नाही. संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या, माळ घातल्यापासून दारूला न शिवलेल्या वारकऱ्याच्या घरात काय बदलते ते नगर, बीड, सोलापूरकडच्या कुणालाही सांगावे लागत नाही. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. शेजारच्या घरातले चांगले नाकारून आपल्या घराचे सांगण्याची गरज विश्वासाला पडू नये.

मग ख्रिस्ती घरात हे बळ येते कोणत्या वाटेने? संध्याकाळच्या प्रार्थनेच्याच. पेटन यांच्या वाक्यावर माझा राग नाही. एकत्र राहण्याचा ताईत म्हणून ते वापरले जाते, यावर आहे. गोव्यात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की मुले मोठ्यांकडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घेतात. वसईत जपमाळ होते, आमच्या नगरकडे 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातले एखादे गीत, एक अध्याय आणि प्रभूची प्रार्थना. त्या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते. ती म्हणताना बाप मुलांच्या शेजारी गुडघ्यावर असतो आणि आपण अपराधी आहोत हे मुलांच्या देखत बोलतो. आपल्या समाजात बाप मुलांची क्षमा मागत नाही, सासू सुनेची मागत नाही. इथे निदान दिवसातून एकदा सगळ्यांना एकाच पायरीवर उतरावे लागते, आणि आपण इतरांना केली तशी क्षमा आपल्याला मिळो, ही अट स्वतःवर घालून घ्यावी लागते. ती ओळ मनापासून म्हणणाऱ्याला, संध्याकाळी सुनेशी जे बोललो ते आठवल्यावाचून राहत नाही. नुसती पाठ म्हणणाऱ्याला काहीच होत नाही, हेही मान्य. पण ज्या घरात चूक कबूल करण्याची सवय नाही, त्या घरात भांडण मिटत नाही, फक्त थकते.

जातीपाशी मात्र हे बळ अडले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय लेख अप्रामाणिक होईल. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीत, एका प्याल्यातून घेणारी आपली कुटुंबे मुलामुलींची लग्ने ठरवताना पूर्वाश्रमीची जात विचारतात. कोणत्या पाहुण्यांतले, पणजोबा कोण होते, कोणत्या गावचे. वसईत तेच समाजांच्या नावाने चालते. हुंड्याला आता 'मुलीला प्रेमाने दिलेले' म्हणतात. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेण्याआधी जे टाकले ते आपण बाप्तिस्म्यानंतर चार पिढ्या जपून ठेवले. इथे कुटुंब देवाच्या वर बसले आहे. कुटुंबाच्या रविवारी यावर प्रवचन का होत नाही? कारण पहिल्या बाकावर बसणाऱ्यांची लग्ने तशीच जुळलेली असतात.

म्हणून मंडळ्यांकडे माझे मागणे घटस्फोट रोखण्याचे नाही. कॅथलिक धर्मप्रांतांत विवाहपूर्व शिबिर असते, तसे सगळ्या मंडळ्यांनी करावे. आणि त्यात वधूवरांना एकेकटे बसवून विचारावे की हे लग्न तुला हवे आहे का, देणेघेणे काय ठरले आहे, पगार कुणाच्या हातात राहणार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावरच्या पत्रात स्पष्ट लिहिले की दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवायचे असेल तर वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते. ते पत्र आपल्या किती देवळांत मराठीतून वाचून दाखवले गेले? मारहाण झालेली बाई पाळकाच्या दाराशी आली तर पहिला प्रश्न तिच्या सहनशीलतेचा नसावा. तिला आज रात्री कुठे झोपता येईल ते आधी पाहावे, पोलिसात जायचे असेल तर सोबत जावे, आणि येत्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजापाशी तिचा नवरा आला तर त्याला थांबवण्याची मंडळीची तयारी असावी.